राजचरित्रांचा वाचक : लक्षणे, सवयी आणि मते

मराठी सार्वजनिक वाचनालयात राजेलोकांची चरित्रे एका कपाटात आणि लोकप्रिय कादंबऱ्या दुसऱ्या कपाटात असतात. दोन्ही कपाटांपुढे उभा राहणारा सभासद मात्र बहुधा एकच असतो. त्याच्या कार्डावर एक जाड आणि एक पातळ अशी दोन पुस्तके चढतात. जाड पुस्तकात राजा असतो, पातळ पुस्तकात खून असतो. जाड पुस्तकातही खून असतातच, पण तिथे त्यांना कारस्थान म्हणतात. पुस्तके परत करताना हा सभासद त्यांच्याविषयीचे मतही काउंटरवर जमा करतो. ते कोणी मागितलेले नसते, आणि मागे रांग असली तरी आखूड होत नाही. या मतांची एक पद्धत ठरलेली आहे : राजाला कादंबरीतला नायक म्हणून तपासायचे आणि कादंबरीतल्या नायकाला हाडामांसाचा माणूस म्हणून.

राजाचे चरित्र रंगवून सांगण्याची रीत मराठीत जुनी आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीत शिवचरित्र लिहिले. पुढच्या बखरकारांनी त्या रीतीत सैन्याचे फुगलेले आकडे, शकुन-अपशकुन आणि ऐकायला तिसरा कोणी हजर नव्हता असे संवाद यांची भर घातली. छापखाने आल्यावर रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' ही मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी १८७१ साली निघाली. मग हरिभाऊ आपटे आले, नाथमाधव आले. १९६२ साली रणजित देसाई यांची 'स्वामी' आली आणि घरोघरी माधवराव पेशवे हे जवळच्या नात्यातले झाले. त्यानंतर देसायांची 'श्रीमान योगी', ना. सं. इनामदारांच्या 'झेप', 'झुंज', 'राऊ', शिवाजी सावंतांची 'छावा' (१९७९), विश्वास पाटलांची 'पानिपत' (१९८८) असे ठोकळे एकामागून एक आले. वाचनालयांनी त्यांच्यासाठी कपाटाच्या फळ्या बदलून घेतल्या, कारण जुन्या फळ्या काव्यसंग्रहांच्या हिशेबाने बसवलेल्या होत्या.

या पुस्तकांवर 'कादंबरी' हा शब्द बारीक अक्षरांत आणि राजाचे चित्र मोठे छापलेले असते. वाचक चित्र पाहतो. त्यामुळे आजारी माधवरावांनी रात्री एकट्याने काय विचार केला, याबद्दल वाद निघाला की तो 'इतिहासात तसे स्पष्ट दिले आहे' असे सांगतो. कुठे दिले आहे, असे विचारले तर पृष्ठ क्रमांकही सांगतो. क्रमांक बरोबर असतो. पृष्ठ कादंबरीचे असते.

राजा कोणाला म्हणायचे, याबाबत हा वाचक उदार आहे. सावंतांच्या 'मृत्युंजय'मधला कर्ण अंगदेशाचा राजा होता आणि खांडेकरांचा ययाति हस्तिनापूरचा, म्हणून ही दोन्ही पुस्तके तो राजचरित्रांतच धरतो. कर्णाच्या बाबतीत तो पुराव्याचा प्रश्न काढत नाही. कर्णावर अन्याय झाला, हे मत त्याने पुस्तक हातात घेण्यापूर्वीच बनवलेले असते आणि पुस्तकाने त्याला दुजोरा दिला, म्हणून पुस्तक 'अभ्यासपूर्ण' ठरते.

राजांच्या लोकप्रियतेचा एक ढोबळ नियम या वाचकांच्या आवडीनिवडीतून काढता येतो. राजा जितका तरुण आणि त्याचा शेवट जितका दुःखाचा, तितके त्याच्या पुस्तकाचे पुठ्ठे लवकर सुटतात. थोरले माधवराव वयाच्या २७ व्या वर्षी थेऊरला क्षयाने गेले. थोरले बाजीराव ३९ व्या वर्षी नर्मदाकाठी रावेरखेडीला गेले. संभाजी महाराज मारले गेले तेव्हा ३१ वर्षांचे होते. पानिपतावर तर १४ जानेवारी १७६१ या एका दिवसात घरटी माणूस गेला. या चारही विषयांवरच्या कादंबऱ्यांची बांधणी वाचनालयाला पुनःपुन्हा करून घ्यावी लागते. उलट छत्रपती शाहू महाराजांनी साताऱ्याच्या गादीवर १७०८ ते १७४९ अशी जवळजवळ ४२ वर्षे काढली, माणसे पारखून नेमली, आणि त्यांच्या हयातीत मराठी फौजा माळवा, बुंदेलखंड, बंगालपर्यंत पोचल्या. त्यांच्याबद्दल वाचकाचे मत 'चांगले होते' या दोन शब्दांत आटोपते. चार दशके गादी सांभाळणे हा कर्तबगारीचा भाग असेल, पण त्यात प्रकरणाच्या शेवटी थांबवण्यासारखे काही घडत नाही.

जास्त जगणे हा तर या वाचकाच्या दरबारात जवळजवळ गुन्हाच आहे. दुसऱ्या बाजीरावाने १८१८ साली राज्य घालवले, यापेक्षा तो पुढे वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर विठूरला १८५१ पर्यंत जगला, हे वाचकाला अधिक खुपते. इनामदारांनी 'मंत्रावेगळा'मध्ये याच बाजीरावाची बाजू मांडली आणि वाचकाची मोठी पंचाईत केली. पुस्तक वाचेपर्यंत त्याला बाजीरावाची दया येते; परत करून जिना उतरेपर्यंत ती ओसरते. इनामदारांनी 'शहेनशहा'मध्ये औरंगजेबालाही नायक केले. ते पुस्तक वाचक आवडीने वाचतो, पण काउंटरवर त्याविषयी हळू आवाजात बोलतो.

रघुनाथराव आणि आनंदीबाई यांच्याबद्दलचे मत मात्र कोणत्याही लेखकाला बदलता आलेले नाही. पुतण्या नारायणरावाचा १७७३ साली शनिवारवाड्यात खून झाला, त्या दिवशीच ते कायम झाले असावे. या दोघांना अधूनमधून माणुसकी दाखवणारा लेखक 'वेगळा विचार करतो' असे वाचक म्हणतो. ही स्तुती नव्हे.

एकच पुस्तक घरातल्या प्रत्येकाच्या हातात पडले की त्याचे वेगळे पुस्तक होते. 'स्वामी' आजी वाचतात ती रमा-माधवासाठी. राक्षसभुवनच्या लढाईची पाने त्या तुळशीला पाणी घालून येईपर्यंत उलटी ठेवतात. आजोबा तीच पाने वाचतात आणि रमाबाई आल्या की चहा मागतात. नातवंडे परीक्षेपुरते पहिले प्रकरण वाचतात. सून पुस्तक शेवटपासून वाचते, थेऊरला पोचते, डोळे पुसते आणि सुरुवातीकडे जायचे कारण उरले नाही असे ठरवते. रात्री जेवताना सगळेच 'सुंदर आहे' असे एकमताने म्हणतात.

पानिपतावरचे पुस्तक हा या वाचनाचा कळस होय. शेवट ठाऊक असलेले इतके जाड पुस्तक दुसऱ्या कोणत्याही विषयावर इतक्या उत्कंठेने वाचले जात नाही. सदाशिवरावभाऊंनी सूरजमल जाटाचे ऐकून बायकामाणसे आणि जड सामान मागे ठेवायला हवे होते, गोविंदपंत बुंदेल्यांनी रसद वेळेवर पाठवायला हवी होती, विश्वासरावांना गोळी लागल्यावर भाऊंनी हत्तीवरून उतरायला नको होते, अशी युद्धशास्त्रीय मते वाचक एकेका प्रकरणानंतर नोंदवतो. यमुना कुठे ओलांडावी, हे तो नकाशाशिवाय सांगतो. त्याच्या सूचना अंमलात आल्या असत्या तर लढाई जिंकता आली असती, यात त्याला शंका नाही. त्या अडीचशे वर्षे उशिरा पोचल्या, एवढीच अडचण आहे. लढाईच्या दिवसाचे प्रकरण आले की तो पुस्तक मिटून ठेवतो आणि दोन दिवस दुसरे काहीतरी वाचतो. या मधल्या काळासाठीच कार्डावर ते पातळ पुस्तक असते.

प्रस्तावनेकडे हा वाचक प्रथम दुर्लक्ष करतो. तिला कथानक नसते, घोडे नसतात. 'श्रीमान योगी'ला नरहर कुरुंदकरांची प्रदीर्घ प्रस्तावना आहे, आणि शिवचरित्राकडे कसे पाहावे याविषयी मराठीत जे विचार करण्याजोगे लिहिले गेले त्यात तिची गणना होते. पहिल्या वाचनात वाचक ती ओलांडून थेट कथेत शिरतो. पुढे कुठल्या तरी व्याख्यानात तिची तारीफ कानावर आली की पुस्तक पुन्हा नेतो, प्रस्तावना वाचतो आणि 'कादंबरीपेक्षा प्रस्तावनाच भारी' असे मत देतो. हे मत दिल्याने माणूस जाणकारांत धरला जातो, हे अनेकांना ठाऊक असल्यामुळे प्रस्तावना न वाचताही ते देण्याची चाल पडली आहे.

इतिहासकारांच्या पुस्तकांशी या वाचकाचे संबंध दुरून नमस्कार करण्याइतके असतात. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून, दप्तरे धुंडाळून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' बावीस खंडांत छापली. त्यातला पहिला खंड १८९८ साली निघाला. वाचनालयात हे खंड दर्शनी कपाटात असतात आणि त्यांच्या तारखेच्या कागदावर शिक्क्यांना भरपूर जागा शिल्लक असते. वा. सी. बेंद्र्यांनी कित्येक दशके साधने गोळा करून १९६० साली संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले आणि नाटके-कादंबऱ्यांनी रूढ केलेली महाराजांची प्रतिमा कागदपत्रांच्या आधारे बदलली. वाचक बेंद्र्यांचे नाव आदराने घेतो आणि 'छावा' घरी नेतो. त्र्यं. शं. शेजवलकरांचे पानिपतावरचे पुस्तक तो चाळतो, तळटिपा पाहतो आणि 'अभ्यास दांडगा आहे, पण वाचवत नाही' असे म्हणून ठेवतो. इतिहासकाराने पुरावा दिला की वाचकाला तो जड जातो. कादंबरीकाराने दिला नाही तर तो मागतो. त्यातही न आवडलेल्या प्रसंगाचाच मागतो. लाडक्या राजाने संयम दाखवला, त्या पानावर कागदपत्रांची चौकशी होत नाही. त्याच राजाचा तोल गेला की 'हे लेखकाला कुठून कळले?' असा प्रश्न येतो.

एक अपवाद आहे. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' हे पुस्तक खरेखुरे असूनही वाचकाला आवडते. यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून कर्ज फेडायला उत्तरेत निघालेला हा भिक्षुक १८५७ च्या धामधुमीत सापडला आणि वेढा पडला तेव्हा झाशीतच होता. राणी लक्ष्मीबाईंची हकिकत तो डोळ्यांदेखत पाहिलेली सांगतो, त्याबरोबर पाण्याची आणि जेवणाखाणाची सोय कशी होती, तेही सांगतो. १८९४ साली द. ब. पारसनीसांनी लिहिलेले राणीचे चरित्र वाचकाला 'माहितीपूर्ण' वाटते. गोडसे भटजी मात्र त्याला आपल्याच आळीतले वाटतात. राणीच्या धैर्याने तो भारावतो आणि मिळवलेली दक्षिणा लुटली गेली, तिथे मनापासून हळहळतो.

राजचरित्रांच्या कपाटात सर्वांत खालच्या फळीवर संस्थानिक असतात. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून १८७५ साली दत्तक गेले आणि १९३९ पर्यंत महाराज होते. त्यांनी १९०६ साली राज्यभर सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले. १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून गावोगाव वाचनालये उघडण्याची मोहीम हाती घेतली आणि जिथे वाचनालय नव्हते तिथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या पाठवल्या. फुकट वाचनाची सोय करणाऱ्या या राजाचे चरित्र वाचनालयात सर्वांत कमी नेले जाते. त्यात लढाई नाही, विषप्रयोग नाही. विषप्रयोगाचा आरोप होता तो त्यांच्या आधीच्या मल्हाररावांवर, आणि वाचक पुस्तक उघडून तेवढे प्रकरण वाचून घेतो. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९०२ साली मागासवर्गीयांसाठी सरकारी नोकरीत निम्म्या जागा राखून ठेवल्या, राधानगरीचे धरण हाती घेतले, वसतिगृहे काढली. धनंजय कीरांनी त्यांचे चरित्र तपशीलवार लिहिले आहे. त्यात वाचक खासबाग मैदान आणि पैलवान यांच्यापाशी रमतो, आणि धरणाचे प्रकरण आले की सावकाश, पाणी अडावे तसा अडतो.

आता दुसरे कपाट. यात रहस्यकथा, भयकथा, प्रेमकथा आणि कॉलेजच्या कट्ट्यावरच्या कादंबऱ्या येतात. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार, धनंजय आणि काळा पहाड हे नायक कित्येक पिढ्यांना शाळेच्या पुस्तकाआड भेटले. सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद, अमर विश्वास, मंदार पटवर्धन अशी फौजच उभी केली. नारायण धारपांनी समर्थ या आपल्या नायकाला भुताखेतांवर सोडले. हे नायक मरत नाहीत. त्यांना क्षय होत नाही, त्यांचा चुलता गादीवर टपलेला नसतो, आणि गोळी झाडली गेली तर ती दंडाला चाटून जाते. राजे वाचून रडलेला वाचक यांच्याकडे झोप यावी म्हणून येतो, आणि पहाटे तीनपर्यंत जागतो.

या कपाटापुढे त्याची न्यायबुद्धी एकदम कडक होते. राजाच्या मनातले विचार लेखकाला कसे कळले, हे न विचारणारा हा माणूस रहस्यकथेत मात्र सरकारी वकील होतो. नायक रात्रीच्या गाडीने ज्या स्टेशनावर उतरला तिथे ती गाडी थांबतच नाही. पिस्तुलातून सहा गोळ्या सुटल्यावर सातवी कुठून आली. दार आतून बंद होते तर मांजर बाहेर कसे गेले. इन्स्पेक्टरची बदली झाल्याचे तिसऱ्या प्रकरणात सांगितले होते, तो अकराव्यात कसा हजर झाला. अशा हरकती तो पेन्सिलीने समासात नोंदवतो. त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात त्यांना उत्तरे असतात आणि तिसऱ्या हस्ताक्षरात दोघांना समज दिलेली असते. राजचरित्रांच्या समासात असे वाद क्वचित दिसतात. तिथे फक्त 'वा!' असते, आणि कधीकधी कोणीतरी गड सर केल्याची तारीख सुधारलेली असते.

रहस्यकथांच्या समासातला सर्वांत उपद्रवी प्रकार म्हणजे पहिल्याच पानावर खुन्याचे नाव लिहून ठेवणारा सभासद. त्याच्या जोडीला शेवटचे पान फाडून नेणारा सभासद असतो. हे दोघे एकाच पुस्तकात भेटले तर एकमेकांची भरपाई होते. ग्रंथपाल दोघांनाही शोधत असतो. हा शोध त्या कपाटातल्या कोणत्याही कथेपेक्षा जास्त दिवस चालतो आणि त्यात गुन्हेगार सापडत नाही.

लोकप्रिय कादंबरी वाचणे आणि ती वाचतो असे सांगणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राजाचे पुस्तक लोकलमध्ये मुखपृष्ठ बाहेर ठेवून वाचतात; रहस्यकथेला वर्तमानपत्राचे कव्हर घालतात. 'स्वामी'नंतर एकाच वर्षाने, १९६३ साली, भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' आली आणि लोकप्रिय कादंबरीला नाके मुरडणे ही साहित्यातली एक स्वतंत्र शाखा झाली. त्या शाखेचे वाचकही वाचनालयात येतात. ते 'कोसला' काउंटरवर ठेवतात, तिच्याखाली शिरवळकर असतात, आणि 'हे घरच्यांसाठी' असे न विचारता सांगतात. घरचे असेच वाक्य 'कोसला'बद्दल सांगतात.

सिनेमा आला की दोन्ही कपाटांचा कारभार ढवळून निघतो. शिरवळकरांच्या 'दुनियादारी'वर २०१३ साली चित्रपट निघाला, 'राऊ'च्या आधारे २०१५ साली 'बाजीराव मस्तानी' निघाला, 'छावा'वरचा हिंदी चित्रपट २०२५ साली आला. चित्रपट लागला की महिनाभर त्या पुस्तकासाठी नंबर लावावा लागतो. या काळात तीन मते ऐकू येतात. ज्याने फक्त पुस्तक वाचले आहे तो 'सिनेमात विचका केला' म्हणतो. ज्याने फक्त सिनेमा पाहिला आहे तो 'पुस्तकात एवढी मजा नाही म्हणे' असे म्हणतो. ज्याने पुस्तक अर्धे वाचून सिनेमा पाहिला आहे तो 'पुस्तकच चांगले' असे सर्वांत ठामपणे म्हणतो, कारण उरलेले अर्धे पुस्तक त्याच्या कल्पनेत असते आणि तिथे कोणी त्याचे काही बिघडवलेले नसते. चौथा, ज्याने दोन्ही पूर्ण केले आहे, तो सहसा गप्प असतो. त्याला मत बनवायला वेळ लागतो.

एकंदरीत पाहता या वाचकाच्या मतांत विसंगती दिसते, पण तिला एक आतले सूत्र आहे. ज्या जगात काय झाले ते बदलता येत नाही, तिथे तो लेखकाला सगळे माफ करतो. राजाला मनातले बोलू देतो, मरणशय्येवर चार पाने देतो, न झालेली भेट घडवू देतो. जे जग लेखकाच्या हातात आहे, तिथे मात्र तो मांजराचाही हिशेब मागतो. माधवराव वाचणार नाहीत हे त्याला माहीत असते, म्हणून ते शेवटपर्यंत नीट बोलले पाहिजेत, एवढीच त्याची अट असते. झुंजार वाचणारच हेही माहीत असते, म्हणून तो नियमाने वाचला पाहिजे. ग्रंथपालाला हे सूत्र कोणी शिकवलेले नसते, तरी तो रांगेतल्या माणसाकडे पाहून जाड आणि पातळ अशी जोडी आपण होऊन काढून ठेवतो. उशीर झाल्याचा दंड दोन्ही पुस्तकांवर सारखाच लागतो, आणि त्याबद्दलचे वाचकाचे मत दोन्ही कपाटांपुढे एकच असते.